खुंट्याच्या घरी भिंगरी

माझे वडील कवळ्या करायचे. दातांचे डॉक्टर पुढच्या खोलीत माणसांच्या हिरड्यांची मापं घ्यायचे आणि मागच्या खोलीत, खिडकीपाशी, उंच स्टुलावर बसून बाबा त्या मापांवरून दात बसवायचे. फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे ओळीनं मांडलेले असत, प्रत्येकावर पेन्सिलनं पेशंटचं आडनाव. आधी मेणात दात लावून बघायचे, चाव जुळतोय का ते तपासायचं, मग मेण काढून गुलाबी मसाला भरायचा, उकळायचा, घासायचा, पॉलिश करायचं. सदतीस वर्षं बाबांनी हेच केलं आणि त्यातली बहुतेक वर्षं त्याच स्टुलावर. आमच्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू बाबांच्या हातचं होतं. रस्त्यात कुणी हसलं की बाबा चेहऱ्याकडे बघायचेच नाहीत, दातांकडे बघायचे. आई म्हणायची, यांना लोक भेटत नाहीत, कवळ्या भेटतात.

शाळेत बाबांचं नाव पडलं होतं खुंटा. कवायतीच्या मास्तरांनी ठेवलेलं. बाबा एका जागी उभे राहिले की हलायचे नाहीत. आणि त्यांच्या शेजारच्या मुलाला एका जागी उभं राहताच यायचं नाही, म्हणून तो भिंगरी. मास्तर म्हणाले होते, या दोघांना एकमेकांना बांधून ठेवा, म्हणजे दोघंही सुधारतील. सुधारलं कुणीच नाही. पण दोघांची मैत्री झाली, ती कायमची.

भिंगरीकाका विसाव्या वर्षी जहाजावर फिटर म्हणून गेले. पुढे पंपांची, इंजिनांची कामं घेत ते पृथ्वीवर कुठे कुठे फिरले, ते आम्हाला त्यांच्या पत्रांवरून कळायचं. वर्षातून तीनचार पत्रं यायची, जाडजूड. बाबा ते पत्र आधी कामाच्या खोलीत एकट्यानं वाचत. मग घरी आणून, जेवताना, आम्हाला वाचून दाखवत. चष्मा नाकावर खाली, डावा हात पत्रावर, उजव्या हातातला घास तसाच.

ती पत्रं मला अजून तोंडपाठ आहेत. उत्तरेकडचं एक बंदर, जिथे दोरखंड गोठून लाकडासारखे व्हायचे आणि लाकडी हातोड्यांनी ठोकून सैल करावे लागायचे. वादळात जहाजाच्या स्वयंपाक्यानं स्वतःला चुलीच्या पायाला बांधून घेतलं आणि तशातही सगळ्यांसाठी सूप केलं. वाळवंटातलं एक पंपघर, तिथे तीन माणसं आणि एक एकडोळी कुत्री सात महिने राहिली. नदीत नाव उलटली तेव्हा काका एका तुटलेल्या दाराला धरून रात्रभर तरंगले होते.

पत्र संपलं की बाबा ते घडी करून पाकिटात घालायचे आणि आजूबाजूला बघायचे. आमचं टेबल, आमचा दिवा, भिंतीवरचं कॅलेंडर. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे यायचं ते मला लहानपणी कळत नसे, पण त्याची भीती वाटायची. ते म्हणायचे, "बघा, याला म्हणतात जगणं."

आई म्हणायची, "दुरून डोंगर साजरे." पण हळू म्हणायची, भांडी उचलता उचलता.

आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. चादरी, उशांचे अभ्रे, पेशंटचे झगे. सकाळी सातला जायची, चारला यायची, हातांना सोड्याचा वास. पत्राच्या दिवशी कधीकधी ती "आज ना आमच्याकडे..." अशी सुरुवात करायची आणि बाबा बोट वर करून म्हणायचे, "थांब, हे ऐक आधी." आई थांबायची. तिची गोष्ट पुढे कधी व्हायची नाही. बाबा वाईट नव्हते. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, कधी जेवणाला नावं ठेवली नाहीत. फक्त त्यांना मनापासून वाटायचं की सांगण्यासारखं जे काही आहे ते दुसरीकडे घडतं.

मी अकरा वर्षांची असताना आईनं एकदाच काही मागितलं. तिला समुद्र बघायचा होता. बसनं सहा तासांवर होता, काही दुसऱ्या ग्रहावर नव्हता. बाबा हो म्हणाले. तीन दिवसांची रजा काढली, एका सुटकेसमध्ये तिघांचे कपडे भरले. निघायच्या सकाळी डॉक्टरांकडून निरोप आला की एका गायिकेची वरची कवळी मधोमध तुटली आहे आणि दोन दिवसांनी तिचा कार्यक्रम आहे. बाबांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, जा, तिनं बिचारीनं तोंडावर हात ठेवून गावं की काय. बाबा म्हणाले, पुढच्या महिन्यात नक्की. आईनं त्याच दुपारी सुटकेस रिकामी केली, कपडे पुन्हा घड्या घालून कपाटात लावले. पुढचा महिना आला आणि गेला.

भिंगरीकाका माझ्या लहानपणी एकदाच घरी आले, चार दिवसांसाठी. मी त्यांना पत्रांवरून खूप उंच समजत होते. निघाले बुटके, टक्कल पडलेले, आणि बोलायला जरा लाजरे. बाबांनी चार दिवस दवाखान्यात पाऊल टाकलं नाही. त्यांना एकेक गोष्ट काकांच्या तोंडून ऐकायची होती. पण काका स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहायचे. त्यांनी आईला विचारलं, "वहिनी, तुमच्याकडे कपडे पिळायचं यंत्र कुठलं आहे? रोलरचं की फिरणाऱ्या पिंपाचं?" आईला असं काही आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. ती सांगायला लागली. यंत्र कुठं अडतं, ते चालू करताना डावीकडून कशी लाथ मारावी लागते, कुठल्या वॉर्डातून कसली चादर येते. काका स्टूल ओढून बसले. तासभर ते दोघं बोलत होते. बाबा दोनदा आत येऊन म्हणाले, "अरे, ते वादळाचं राहिलं." दुसऱ्या दिवशी काका आईबरोबर धुलाईखान्यात गेले आणि ते यंत्र उघडून दुरुस्त करून आले. त्यानंतर लाथ मारावी लागली नाही, असं आई पुढे कितीतरी दिवस सांगायची.

आई गेली तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. पोटाचं दुखणं, दोन महिन्यांत सगळं संपलं. तोवर मी दोन गल्ल्या सोडून राहायला गेले होते आणि एका औषधांच्या दुकानात काम करत होते. बाबांनी काकांना कळवलं. उत्तर आलं नाही. पत्रं त्याच्या आधीपासूनच कमी झाली होती, अक्षर वाकडंतिकडं झालं होतं, एका पत्रात तर एकच मजकूर दोनदा होता.

दोन वर्षांनी एका बंदराच्या कचेरीतून फोन आला. तुमच्या नावाची पत्रं यांच्या पिशवीत सापडली, दुसरं कुणी नातेवाईक दिसत नाही, तुम्ही घेऊन जाऊ शकता का? बाबा एकटे जाऊन त्यांना घेऊन आले. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस आमच्या दारात उभा राहिला आणि त्याला समोरचा उंबरा ओलांडायचा की नाही ते समजेना. बाबांनी हाताला धरून आत घेतलं.

त्यांना सगळं विसरायला झालं होतं. बाबांना मात्र ओळखायचे. "खुंट्या," अशी हाक मारायचे आणि हसायचे. बाबांनी त्यांना माझ्या जुन्या खोलीत ठेवलं. निवृत्तीनंतरही बाबा घरी ज्या खोलीत थोडं काम करत, तिथे खिडकीपाशी काकांसाठी खुर्ची टाकली. काका तिथे बसून प्लॅस्टरचे जबडे बघत. एकदा म्हणाले, "एवढी माणसं गप्प का बसलीत?"

मी रोज दुपारी दुकान बंद असायचं त्या वेळात जायचे. पहिल्या आठवड्यात बाबा फार खुशीत होते. आता सवडीनं सगळं ऐकायला मिळणार होतं. ते म्हणायचे, ते दोरखंडाचं सांग. काका विचारायचे, कुठले दोरखंड? बाबा म्हणायचे, वादळ, तो स्वयंपाकी, चुलीला बांधून घेतलेला. काका डोळे बारीक करून विचार करायचे आणि मग मान हलवायचे. त्या कुत्रीचंही त्यांना आठवेना. सात महिने त्यांच्या पायाशी झोपलेली कुत्री.

एक दिवस बाबा माझ्यामागोमाग स्वयंपाकघरात आले आणि नळ उगाच सोडून उभे राहिले. म्हणाले, "ज्याच्यासाठी मी जन्मभर झुरलो ना, ते त्याच्याजवळच नाहीये आता."

मी म्हटलं, पत्रं आहेत ना तुमच्याकडे.

मग बाबांनी पत्रं काढली. काम करता करता एकेक वाचून दाखवायला लागले. काका अगदी लहान मुलासारखे ऐकायचे. वादळाचं पत्र संपल्यावर ते म्हणाले, "कोण रे हा माणूस? पोचलेला दिसतोय." बाबा आधी हसले, मग त्यांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, अरे, हा तूच. काकांना ते पटलं नाही, पण बाबांचं मन मोडू नये म्हणून त्यांनी हो म्हटलं.

हळूहळू त्यांना पटायला लागलं, आणि तिथून वेगळंच सुरू झालं. वाळवंटाचं पत्र वाचून झालं की ते विचारायचे, "तू कुठे होतास तेव्हा?"

"मी इथेच होतो. इथे, घरी."

"मग मी एकटाच होतो?"

"दोघं होते की तुझ्याबरोबर. शिवाय कुत्री."

"म्हणजे एकटाच."

आणि ते घाबरायचे. काय घडलं ते त्यांना आठवत नव्हतं, पण तिथे कसं वाटायचं ते शरीरात कुठेतरी राहिलं असावं. उठून दाराशी जायचे, घरी जायचंय म्हणायचे. बाबांनी पत्रात हे कधी वाचलं नव्हतं. काकांनी कधी लिहिलंच नव्हतं. चाळीसेक वर्षं बाबा त्या पत्रांकडे बघून उसासे टाकत होते, आणि तिकडे हा माणूस वाळवंटात बसून आमच्या घरासाठी झुरत ती पत्रं लिहीत होता.

वहिनींचंही विचारायचे. त्यांना आई आठवत होती, यंत्रासकट. पहिल्यांदा बाबांनी खरं सांगितलं. काका इतके रडले की शेजारीण आली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं आणि पुन्हा तितकेच रडले. तिसऱ्या दिवसापासून बाबा सांगायला लागले, कामावर गेलीय, येईल.

एका दुपारी मी चहा घेऊन खोलीच्या दाराशी आले तेव्हा बाबा गोठलेल्या बंदराचं पत्र हातात धरून बसले होते, पण वाचत नव्हते. समोर बघून बोलत होते.

"मी तुझ्या मागेच होतो की रे. तू हातोडा मारत होतास आणि मी दुसरं टोक धरून होतो."

काका म्हणाले, "आणि वहिनी?"

बाबांनी पत्र मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "ती पण होती. धक्क्यावर. तिची निळी शाल होती ना, ती डोक्यावरून घेतलेली. खलाशांना ओरडत होती, ओले कपडे अंगावर ठेवून हिंडू नका म्हणून. तुझे हातमोजे तिनंच वाळवले, बॉयलरच्या नळीवर."

"मग बरोबर," काका म्हणाले. "मी एकटा नव्हतो तर."

"छे. एकटा कसा असशील?"

मी चहा घेऊन तशीच मागे फिरले. स्वयंपाकघरात कप ठेवले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

त्यानंतर रोज तसंच चाललं. पत्रं नुसती निमित्ताला हातात असायची. बाबा त्या सगळ्या प्रवासांत आईला घेऊन गेले. वादळात ती स्वयंपाक्याच्या शेजारी बसून कांदे चिरत होती. पंपघरात तिनं कुत्रीला आंघोळ घातली. नदीत नाव उलटली तेव्हा त्या दारावर तिघंही होते, आणि आई म्हणत होती की दार कुणाचं आहे ते विचारून नंतर परत केलं पाहिजे. काका हसायचे, बाबाही हसायचे. एकदा ते समुद्राचं सांगत होते, पहिल्या जहाजावर पाय ठेवल्याचं. आई कठड्याला धरून कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, एवढं पाणी, आणि आम्हाला तिकडे नळाला दिवसातून तासभर."

ते अगदी आईसारखं होतं. बाबांना तिचा आवाज माहीत होता. म्हणजे एवढी वर्षं ते ऐकत होते तर. आई असती आणि हे तिनं ऐकलं असतं, तर काय झालं असतं, ते माझ्यानं मनात आणवत नव्हतं. ती असताना बाबा तिच्याविषयी एवढं कधी बोलले नव्हते. मला आनंद होत होता आणि त्यांचा रागही येत होता, आणि दोन्ही घेऊन मी रोज दुपारी दुकानात परत जायचे.

हे आठ महिने चाललं. थंडीत काकांना कफ झाला, तो छातीत उतरला. इस्पितळात चार दिवस होते. शेवटी बाबांनाही ओळखत नव्हते, पण बाबांनी बोलणं थांबवलं नाही. नर्सला वाटलं, दोघं कुठल्यातरी एकत्र केलेल्या प्रवासाबद्दल बोलताहेत. काका गेले ते दुपारी, बाबांचं वाक्य अर्धवट असताना. बाबांनी ते वाक्य पूर्ण केलं.

इस्पितळाच्या कचेरीतल्या कारकुनानं फॉर्म पुढे केला. मृताशी नातं, या रकान्यापाशी बाबा अडले. कारकून म्हणाला, मित्र लिहा. बाबांनी लिहिलं, आणि मग कागद परत ओढून पुढे "शाळेपासूनचा" असं बारीक अक्षरात घातलं.

काकांची पिशवी आवरायचं काम माझ्याकडे आलं. शिक्क्यांनी भरलेली पारपत्रं, दोन शर्ट, एक पाना, आणि रबर लावलेला पोस्टकार्डांचा गठ्ठा. बाबांनी आयुष्यभर पाठवलेली उत्तरं. काकांनी एकूण एक जपली होती, काहींना इंजिनाचं तेल लागलेलं. मी ती तारखांप्रमाणे लावली आणि वाचली. वाचायला वेळ लागला नाही. प्रत्येकावर काकांच्या प्रवासाविषयी चार ओळी, कौतुकाच्या, आणि शेवटी एक ओळ, इकडे विशेष काही नाही.

माझ्यानंतर आईला एक मुलगा झाला होता. तो तिसऱ्या दिवशी गेला. त्या महिन्याचं कार्ड मी शोधून काढलं. त्यावरही तेच होतं. इकडे विशेष काही नाही.

हे बाबांना दाखवावं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. मग दाखवलं. कदाचित रागानं दाखवलं असेल. बाबांनी कार्ड उजेडात धरलं, तारीख बघितली आणि चष्मा काढला.

ते म्हणाले, "मला वाटलं, त्याला काय सांगायचं असलं. तो कुठे, आपण कुठे."

मी गठ्ठ्याला पुन्हा रबर लावलं.

"तुझ्या आईला मी कधी विचारलंच नाही गं. तिचं काय चाललंय. रोज जायची, रोज यायची. त्यानं चार दिवसांत विचारलं ते मी कधी विचारलं नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला काही माहीत आहे का? तिकडे ती काय करायची?"

मला थोडंच माहीत होतं. आई गेली तेव्हा धुलाईखान्यातल्या सगळ्या बायका आल्या होत्या. त्यांतली एक, इस्त्रीवर काम करणारी, मला बाजूला घेऊन रडता रडता हसायला लागली होती. तिनं जे सांगितलं ते मी बाबांना तेव्हा सांगितलं नव्हतं, आता सांगितलं. आई तिथे नकला करायची. मुकादमाची, डॉक्टरांची, मेट्रनची. जेवणाच्या सुट्टीत बायका तिच्याभोवती गोळा व्हायच्या. आणि सगळ्यात जास्त हसू यायचं ते बाबांच्या नकलेला. बाबा पत्र वाचतात, ती नक्कल. पत्र आलं की दुसऱ्या दिवशी बायका तिची वाटच बघत असायच्या.

बाबा ऐकत होते. मला वाटलं, त्यांना लागेल. पण त्यांचा चेहरा सैल झाला आणि मग ते हसले. हसताना त्यांचे स्वतःचे, खरे, झिजलेले दात दिसले.

"कशी करायची?" त्यांनी विचारलं. "करून दाखव ना."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी चष्मा नाकावर खाली घेतल्यासारखं करावं म्हणून हात उचलला आणि तिथेच थांबले. मला येत नव्हतं. घरी आईला नक्कल करताना मी कधी पाहिलंच नव्हतं.